खेळाची घडी मोडली का?

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा एखादा जुना डबा खाली काढा आणि उलटा करून बघा. बारीक ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव सापडेल. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, 'मामांकडून', 'आत्याकडून', खाली तारीख. भांडीवाल्याच्या दुकानात नाव घालणारा माणूस ते घर्रघर्र करणारं यंत्र हातात घेऊन बसलेला असे, आणि नाव घालून होईपर्यंत आपण दुकानातून हलत नसू. का बरं? पैसे तर देऊन झालेले असत. पण नाव पडल्याशिवाय भांडं आपलं झालं असं वाटतच नसे.

आता याच घरातली दुसरी खरेदी बघा. चिरंजीव कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसलेले. "आई, ओटीपी आला का गं?" आपण पोळी लाटता लाटता आकडे सांगतो. बँकेचा निरोप येतो, आठशे नव्व्याण्णव रुपये गेले. आणि घरात काय आलं? ना पिशवी, ना पुडकं, ना खोकं. "कुठाय रे खेळ?" "कॉम्प्युटरमध्ये." झालं! सासूबाईंना दाखवायचा म्हटलं तर दाखवणार काय? आणि पंधरा दिवस जात नाहीत तोच पुन्हा, "आई, ओटीपी..."

चिरंजीवांचंच नाव कशाला घ्या! कित्येक घरांत हा शौक पतिराजांना असतो, आणि दुपारी सगळं आवरल्यावर फोनवर घटकाभर खेळणाऱ्या आपण काय कमी आहोत? तेव्हा हा उपदेशाचा लेख नाही. खेळ वाईट, खेळणारी मुलं वाया गेलेली, हे ऐकून ऐकून सगळ्यांचेच कान किटले आहेत. मला दुसरंच सांगायचं आहे. हा जो एकामागून एक खेळ घेण्याचा सोस असतो ना, त्याचं मूळ हावरेपणात कमी आणि अतृप्तीत जास्त असतं. घेतलेली वस्तू आपली झालीच नाही, म्हणून मन पुढच्या वस्तूकडे धावतं. आणि विकत आणलेली वस्तू 'आपली' कशी करायची, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

हाताला लागतं ते आपलं

हे नुसतं माझं मत नाही बरं का. ओझगुन अतासॉय आणि कॅरी मोरवेज या दोन संशोधकांनी याचा रीतसर अभ्यास केला आणि २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेत बोस्टन शहरात ओल्ड नॉर्थ चर्च नावाचं ऐतिहासिक चर्च आहे. तिथे पॉल रिव्हिअर या त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या वीराच्या वेषात एक नट उभा केला. येणाऱ्या प्रवाशांनी त्याच्यासोबत फोटो काढून घ्यायचा. काहींना तो लगेच कागदावर छापून हातात दिला, काहींना ई-मेलनं पाठवला. पैसे ज्यानं त्यानं मनाला येईल तितके द्यायचे, ते धर्मादाय कामाला जाणार. फोटो तसाच, नट तोच. तरी हातात कागद पडलेल्यांनी जास्त पैसे दिले.

गंमत पुढेच आहे. पुढच्या प्रयोगांत त्यांना असं दिसलं, की वस्तू विकत घेण्याऐवजी भाड्यानं घ्यायची असेल, तर हा फरक उरत नाही. भाड्याच्या वस्तूला आपण नाहीतरी आपली म्हणत नाही. मग ती हातात असो की हवेत! म्हणजे कमीपणा पडद्यावरच्या वस्तूच्या गुणात नसतो. ती 'माझी' वाटत नाही, एवढंच तिचं दुखणं.

ज्यांची लहानपणं १९९० च्या दशकात गेली, त्यांना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवत असेल. त्याची ती जाड प्लॅस्टिकची कॅसेट. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. फुंकरीनं खरंच काही होत असे की नाही देव जाणे, पण त्या फुंकरीत मालकी होती! कॅसेट मित्राला आठवडाभर द्यायची, त्याची आपण आणायची, परत करताना भांडायचं. विरार पूर्वेकडच्या चांदीपसारख्या गावातल्या मुलाला नवा खेळ हवा असेल, तर आधी विरार स्टेशन गाठायचं, लोकलनं ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत घासाघीस करायची आणि संध्याकाळच्या गर्दीत ती पिशवी छातीशी धरून परत यायचं. घरी पोचेपर्यंत तो खेळ निम्मा त्याचा झालेला असे. आज तोच खेळ चांदीपमध्ये अंथरुणावर लोळत, रात्री अकरा वाजता मिळतो. सोय झाली यात शंकाच नाही. पण त्या प्रवासात जे काही मनाला मिळत होतं, ते मात्र गळून गेलं. ते आता घरातच कुठून तरी आणायला हवं.

चांदीपची वही

चांदीपच्याच माझ्या एका परिचित बाईंनी हे फार छान जमवलं आहे. त्यांच्या घरी एक मुलगा, एक धाकटी मुलगी, सासूबाई आणि स्टेशनवरून रात्री उशिरा परतणारे यजमान. त्यांच्या पद्धतीची सुरुवात एका रडण्यातून झाली.

२ सप्टेंबर २०२० या दिवशी केंद्र सरकारनं ११८ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाईल होता. ३० ऑक्टोबरपासून तो आपल्याकडे पूर्ण बंद झाला. या मुलानं गणपतीत आणि वाढदिवसाला मिळालेले पैसे घालून त्या खेळातले कपडे आणि बंदुकांची सजावट घेतलेली होती. एका सकाळी ते सगळं दिसेनासं झालं. पुढे २ जुलै २०२१ ला क्राफ्टन या कोरियन कंपनीनं त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय आणला. तोही जुलै २०२२ मध्ये दुकानांतून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली. म्हणजे मुलांचा खेळ आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे!

बाई म्हणाल्या, "त्याला रडताना बघून मला पहिल्यांदा कळलं, की हे याचं खरंच काहीतरी होतं. आम्ही सगळे म्हणत होतो, अरे, खोटे कपडे ते, रडतोस काय! पण त्याला खोटे नव्हते ना ते."

मग त्यांनी काय केलं? दोनशे पानी एक वही आणली. घरात घेतलेल्या प्रत्येक खेळाला त्यात एक पान. वर खेळाचं नाव, घेतल्याची तारीख, किंमत, आणि पैसे कुणाचे, आजीनं दिलेले, बाबांचे की बक्षिसाचे. त्याखाली मुलानं स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहायच्या, हाच का निवडला? खालची जागा कोरी ठेवायची. खेळ पुरा झाला, की आवडलेल्या प्रसंगाचं पडद्यावरचं चित्र टिपायचं, विरारला झेरॉक्सच्या दुकानात त्याची रंगीत प्रिंट काढायची आणि तिथे चिकटवायची. मुलीनं तर कमालच केली. घरात जुन्या सिनेमांच्या सीडींच्या रिकाम्या डब्या पडल्या होत्या. तिनं खेळांची मुखपृष्ठं छापून त्या मापाला कापली आणि डब्यांत सरकवली. आतमध्ये सीडी नाही, तर बिलाची प्रिंट आणि एक चिठ्ठी. शोकेसमध्ये आता पुस्तकांशेजारी अशा सात डब्या ओळीनं उभ्या आहेत. आजी पाहुण्यांना त्या दाखवतात!

तुम्ही म्हणाल, रिकाम्या डब्या मांडून काय साधलं? हेच साधलं, की मोजता येऊ लागलं. कॉम्प्युटरच्या आत पन्नास खेळ असले काय आणि पाच असले काय, बाहेरून सारखंच दिसतं. शोकेसमध्ये मात्र आठवी डबी ठेवायला जागा करावी लागते. 'कुठली काढू?' हा प्रश्न पडतो. तो प्रश्न पडणं म्हणजेच संसार, नाही का?

शिवाय खेळ घ्यायचे दिवस ठरले आहेत. एक पाडव्याला, एक ज्याच्या त्याच्या वाढदिवसाला. मधल्या काळात जे जे हवंसं वाटेल ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचं. पाडवा उजाडेपर्यंत त्यातली निम्मी नावं मुलंच खोडतात. दसऱ्याला कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहतात तेव्हा त्या डब्याही शेजारी मांडतात. हे मला फार आवडलं. आपल्याकडे शस्त्रांची, वह्यांची पूजा चालते, मग याची का नको?

आधी नीट समजून घ्या: आपण घेतो काय?

आता थोडं कडू. तुम्ही विकत घेतलेला खेळ कायद्यानं बहुतेक वेळा तुमचा नसतोच. तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा परवाना. कॉम्प्युटरवरच्या खेळांचं सर्वांत मोठं दुकान म्हणजे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम. ते २००३ मध्ये सुरू झालं, आणि २०१५ पासून आपल्याला तिथे रुपयांत किमती दिसू लागल्या. याच दुकानानं ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरण्याच्या जागीच ही गोष्ट स्वच्छ लिहायला सुरुवात केली. त्याच्या आदल्या महिन्यात कॅलिफोर्निया राज्यानं एक कायदा केला होता, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याचा मथितार्थ असा, की नुसता परवाना देत असाल तर गिऱ्हाइकाला तसं ठळक सांगा. न सांगता 'विकत घ्या' असं म्हणू नका.

परवाना म्हटल्यावर काय काय होऊ शकतं? फ्रान्सच्या यूबीसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ च्या डिसेंबरात बाजारात आला होता. तो चालायला कंपनीच्या यंत्रांशी सतत जोडणी लागे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं ती यंत्रं बंद केली, आणि ज्यांच्या घरी या खेळाची डबीबंद सीडी होती त्यांचीही सीडी निकामी झाली. त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची चळवळ उभी राहिली आणि तिच्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आणि डबी मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका हं. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या यंत्राच्या काही खेळांच्या डबीतल्या चिपमध्ये खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरूनच उतरवून घ्यावा लागतो.

आपली पैठणी लेकीला देता येते, लेकीची तिच्या लेकीला. स्टीमवरचं खातं असं वारसानं देता येत नाही. कंपनीचे नियमच तसे आहेत. हे ऐकून आमच्या ओळखीतले एक गृहस्थ खिन्न झाले. त्यांच्या खात्यावर दोनशेच्या वर खेळ आहेत, आणि त्यांतले बरेचसे त्यांनी अजून उघडलेलेही नाहीत. उघडले नाहीत त्यांचा वारसा कसला द्यायचा, असं त्यांच्या सौभाग्यवतींनी विचारलं म्हणे!

सौभाग्यवतींचा तो टोला अगदी योग्य जागी बसला. आपण नवी साडी नेसलो की म्हणतो, 'घडी मोडली'. कपाटात घडीवर घडी पडून राहिलेली साडी कितीही भारी असो, तिच्यात जीव नसतो. कुणाच्या बारशाला नेसली, तिच्यावर कढी सांडली, धुऊन डाग गेला, मग ती आपली. खेळांचं नेमकं तसंच आहे. सेल लागतो, बाराशेचा खेळ तीनशेला मिळतो, पतिराज चार घेऊन टाकतात. चारांचीही घडी मोडत नाही. म्हणून घरात एकच नियम करा, मागच्याची घडी मोडल्याशिवाय पुढचा नाही. भांडण न करता, हसत विचारायचं, "अहो, त्या मागच्या खेळाची घडी मोडली का?" रागावून विचारलेल्या दहा प्रश्नांपेक्षा हा एक प्रश्न जास्त काम करतो.

घडी लवकर मोडण्यात व्यवहाराचाही फायदा आहे. स्टीमवर घेतलेला खेळ आवडला नाही, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना परत मागितला, तर पैसे मिळतात. फोनवरच्या गूगल प्लेमधल्या खरेदीबद्दल अठ्ठेचाळीस तासांच्या आत अर्ज करता येतो. मिळतीलच असं नाही, पण मागायला काय जातं? सहा महिने न उघडता ठेवलेल्या खेळाला मात्र यातलं काही लागू नाही. साडीवाला तरी ओळखीचा असतो, बदलून देतो!

वाटून खाल्लं की पोट भरतं

कॅसेट मित्राला देण्यातली मजा गेली म्हणाले, पण थोडीशी उरली आहे. स्टीमवर २०२४ पासून कुटुंबाची सोय आहे. एकाच घरातल्या सहा जणांपर्यंत एक गट करता येतो आणि एकाचे खेळ दुसऱ्याला खेळता येतात. सगळेच खेळ त्यात येत नाहीत, आणि एकच खेळ दोघांना एकाच वेळी खेळायचा तर दोन घ्यावे लागतात. पण वेगवेगळे खेळ दोघं एकाच वेळी खेळू शकतात. आईबापांसाठी त्यात एक नामी गोष्ट आहे. मुलानं हव्या त्या खेळाची टोपली भरायची आणि मंजुरीसाठी मोठ्यांकडे पाठवायची. पैसे मोठ्यांनी आपल्या खात्यातून भरायचे. किती वेळ खेळायचं तेही मोठ्यांना ठरवता येतं. म्हणजे मुलाच्या हातात कार्डाचा नंबर देण्याची गरजच नाही. गट करताना मात्र घरच्यांनाच घ्या. भाच्याच्या मित्राला घेतलंत आणि मग काढलंत, तर ती जागा वर्षभर अडकते.

चांदीपच्या बाईंकडे भाऊ-बहिणीची पाळी ठरली आहे. भावानं पुरा केलेला खेळ बहिणीला 'मिळतो', तसं वहीत लिहून, तारीख घालून! मोठ्या भावाची पुस्तकं धाकटीला यायची, तसंच हे. दिलेल्या वस्तूची किंमत देणाऱ्यालाही वाढते.

त्याच दुकानात आपल्या खेळांचे कप्पे करता येतात, त्यावरची चित्रं बदलता येतात. एखाद्या रविवारी मुलाला म्हणावं, डाळी-कडधान्यांचे डबे लावतो तशी तुझी मांडामांड कर. पुरे झालेले एकीकडे, अर्धवट दुसरीकडे, कधीच उघडले नाहीत ते तिसरीकडे. हा तिसरा कप्पा बघून मुलं आपोआप गप्प होतात. आपण काही बोलायची गरज पडत नाही.

आणि काय घ्यावं? चार जणांत बसून बघावं असंही पुष्कळ आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ आणला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा, भिंतीभिंतींवर चित्रं. तो खेळताना मुलाशेजारी आजीनं बसावं, पुराणातली ओळख पटेल. दुसरा 'वेन्बा', टोरांटोतल्या मंडळींनी २०२३ मध्ये केलेला. कॅनडात संसार मांडलेली एक तमिळ आई, फाटलेली, पुसट झालेली आईची पाककृतींची वही, आणि त्यातल्या कृती जुळवून करायची इडली. हा खेळ दीड-दोन तासांत संपतो. त्याला २०२४ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचं पदार्पणातल्या उत्तम खेळाचं पारितोषिक मिळालं. मुलगा इंग्रजी बोलू लागतो आणि आईचा डबा शाळेत न्यायला लाजतो, तो भाग बघताना डोळ्यांत पाणी आलं नाही तर सांगा.

कपाटातला कागद

हौस झाली, आता जपणूक. दागिन्यांची पावती जपतो तशी या खरेदीची जपायला हवी.

पहिली गोष्ट, खातं कुणाच्या ई-मेलवर आहे, कुठल्या फोन नंबरवर आहे, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कित्येकदा मोबाईल नंबर बदलतो, जुना बंद पडतो, आणि सगळे खेळ त्या बंद नंबरामागे अडकून बसतात. स्टीमच्या फोनवरच्या कुलपाला एक सुटकेचा संकेत असतो, तो 'आर' या अक्षरानं सुरू होतो. फोन हरवला तर तोच कामी येतो. तो कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पासवर्ड मात्र वहीत लिहू नका. वही शोकेसमध्ये असते आणि शेजारची मुलं ती चाळतात.

दुसरी, बिल ई-मेलनं येतं, ते पुसू नका. कंपनी दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे बिलावाचून बोलणं पुढे सरकत नाही.

तिसरी गोष्ट ज्यांना खरोखरच आपल्या हातात हवं त्यांच्यासाठी. पोलंडच्या लोकांनी २००८ पासून चालवलेलं जीओजी नावाचं दुकान आहे. तिथले खेळ कुलूप न लावता मिळतात. एकदा उतरवून घेतलेली फाईल हार्ड डिस्कवर ठेवली, की पुढे इंटरनेट नसलं तरी खेळ बसवता येतो. कागदोपत्री तिथेही परवानाच असतो, पण वस्तू आपल्या डब्यात असते. जुने, गाजलेले खेळ तिथे पुष्कळ आहेत. एकच खेळ दोन्ही दुकानांत असेल तर मी इथूनच घ्यायला सांगेन, पाच-पन्नास रुपये जास्त पडले तरी.

आता ज्याला मी खरेदीच म्हणणार नाही, त्याबद्दल. फोनवरच्या खेळांतली नाणी, हिरे, पेट्या, कपडे! पेटीत काय निघेल ते ठाऊक नाही, आणि वर घड्याळ टिकटिकतंय, 'फक्त दोन तास उरले'. ही खोटी घाई सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या फसव्या युक्त्यांच्या यादीत आहे. अशा गोष्टीला वहीत पान देऊ नका आणि शोकेसमध्ये डबीही नको. जीवदानीच्या जत्रेत मुलाला पाळण्यात बसवतो, चार फेऱ्या होतात, पैसे जातात, मजा येते, संपतं. तसा हा जत्रेचा खर्च. महिन्याला पन्नास किंवा शंभर, जे झेपेल ते एकदाच ठरवा आणि संपले की संपले. गूगल प्लेमध्ये प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड विचारण्याची सोय आहे, तशीच महिन्याची मर्यादा घालण्याचीही. पहिली तर आजच चालू करा. मर्यादा मात्र आठवण करून देते, हात धरत नाही. पैसे लावून खेळायचे खेळ हा तर निराळाच विषय. त्यांच्याविरुद्ध ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला आहे, आणि त्यांना घरात थारा देऊच नये.

वही सुरू करणार असाल, तर पान असं आखा. डाव्या बाजूला नाव, तारीख, किंमत, दुकान आणि पैसे कुणाचे. उजवीकडे 'का निवडला' याच्या दोन ओळी, लिहिणाऱ्याच्याच अक्षरात. त्याखाली 'घडी कधी मोडली' याची तारीख, आणि चित्रासाठी साधारण पोस्टकार्डाएवढी जागा. आधीपासून घरात असलेले खेळ सगळे लिहीत बसू नका, कंटाळा येऊन वही तिथेच पडेल. त्यांतला एकच उघडा आणि पहिलं पान त्याचं करा. चांदीपच्या बाईंच्या वहीत अलीकडे एक पान त्यांच्या स्वतःच्या अक्षरातलं आहे. 'वेन्बा', पैसे भिशीतले, दोन दुपारींत पुरा. चित्राच्या जागी त्यांनी त्या खेळातल्या स्वयंपाकघराची प्रिंट चिकटवली आहे आणि शेजारी पेन्सिलीनं इडलीच्या पिठाचं प्रमाण लिहिलं आहे, त्यांच्या सासूबाईंचं.